द्रावणातील रेणूंची संगणकीय गणिते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांत रसायनशास्त्राचे अनेक प्रबंध आता प्रयोगाच्या जोडीला संगणकीय गणिताचे एक प्रकरण घेऊन येतात. त्या प्रकरणात बहुधा ‘गणिते पाण्यात केली’ असे एक वाक्य असते आणि तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके त्याच वाक्यावर बोट ठेवतात. पुढील प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, शिक्षकांचे आहेत आणि काही इचलकरंजीच्या रंगाई व्यवसायातील मंडळींचे आहेत. उत्तरांमागे एकच आग्रह आहे: द्रावकाचे प्रतिमान, म्हणजे गणितात द्रावक मांडण्याची पद्धत, निवडण्यापूर्वी तो द्रावक आपल्या रेणूचे नेमके काय करतो, हे दोन ओळींत कागदावर लिहिता आले पाहिजे.

द्रावक न धरता निर्वातातच गणित केले तर काय बिघडते?

कधी काहीच नाही, तर कधी सगळेच. नॅफ्थॅलिनसारख्या ताठ आणि प्रभार नसलेल्या रेणूची रचना निर्वातात काढली काय किंवा द्रावकात काढली काय, बंधांच्या लांबीत दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. ग्लायसीनचे मात्र तसे नाही. पाण्यात हा रेणू एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार घेऊन स्थिर असतो. हीच रचना निर्वातात ऑप्टिमायझेशनला (सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधणाऱ्या गणिताला) लावली, तर नायट्रोजनवरील एक प्रोटॉन गणित चालू असतानाच ऑक्सिजनकडे सरकतो आणि शेवटी हाती येतो तो प्रभाररहित रेणू, कारण द्विप्रभारी रचनेला निर्वातात ऊर्जेचा खळगाच नसतो. प्रोग्राम कोणतीही सूचना देत नाही. गणित ‘यशस्वीपणे पूर्ण’ झाल्याचे सांगून तो मोकळा होतो. म्हणून अंतिम रचना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आउटपुटमधील ऊर्जा उचलू नये.

‘अखंड माध्यम’ म्हणजे काय? त्यात पाण्याचे रेणू असतात का?

नसतात. रेणूभोवती त्याच्या आकाराची एक पोकळी कल्पिली जाते आणि पोकळीबाहेरचे सर्व पाणी म्हणजे ठरावीक डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावक विद्युत्क्षेत्र किती क्षीण करतो ते सांगणारा आकडा) असलेले एकसंध माध्यम मानले जाते. रेणूच्या विद्युत्क्षेत्रामुळे माध्यमाचे ध्रुवीकरण होते, त्या ध्रुवीकरणाचा परिणाम पोकळीच्या पृष्ठभागावरील प्रभारांच्या रूपात मांडला जातो, ते प्रभार उलट रेणूच्या इलेक्ट्रॉनांवर परिणाम करतात, आणि दोन्ही बाजूंचा मेळ बसेपर्यंत हे चक्र चालू राहते. या विचाराचे मूळ जुने आहे. मॅक्स बॉर्न यांनी १९२० साली गोलाकार आयनासाठी सूत्र मांडले, लार्स ऑन्सागर यांनी १९३६ साली द्विध्रुवासाठी, आणि १९८१ साली याकोपो तोमासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसा येथे रेणूच्या खऱ्या आकाराची पोकळी घेऊन आज पीसीएम म्हणून ओळखली जाणारी पद्धत मांडली.

पीसीएम, सीपीसीएम, कॉस्मो आणि एसएमडी यांपैकी कोणते घ्यावे?

ही सगळी अखंड माध्यमाचीच प्रतिमाने आहेत. द्रावणातील मुक्त ऊर्जा हवी असेल तर एसएमडी घ्यावे. फक्त रचना, कंपनवारंवारता किंवा वर्णपट हवा असेल तर पीसीएम किंवा सीपीसीएम पुरते.

कारण असे की मूळ पीसीएम-कुळातील पद्धती मुख्यतः विद्युतस्थितिक भाग मोजतात, तर द्रावकात पोकळी करण्यासाठी लागणारी ऊर्जा आणि द्रावकाशी होणारे क्षीण आकर्षण हे भाग वेगळे धरावे लागतात. मारेनिख, क्रेमर आणि ट्रुलर यांनी २००९ साली मांडलेल्या एसएमडीमध्ये हे भाग प्रायोगिक आकड्यांवर बेतून आधीच घातलेले आहेत. त्यांनीच दिलेल्या माहितीनुसार प्रभाररहित रेणूंच्या द्रावण-मुक्तऊर्जेत सरासरी चूक ०.६ ते १.० किलोकॅलरी प्रतिमोल आणि आयनांच्या बाबतीत सुमारे ४ किलोकॅलरी प्रतिमोल राहते. हे दोन आकडे पाठच करावेत. पुढील निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यांतच दडलेली आहेत.

एका प्रोग्राममधील पीसीएमची ऊर्जा दुसऱ्या प्रोग्राममधील पीसीएमच्या ऊर्जेशी ताडून पाहू नये. पोकळीसाठी अणूंच्या त्रिज्या कोणत्या घेतल्या यावर आकडा बदलतो आणि प्रत्येक प्रोग्रामच्या मूळ त्रिज्या निराळ्या असतात. गॉसियन या प्रोग्रामच्या २००३ आणि २००९ या दोन आवृत्त्यांतही त्या बदलल्या होत्या. त्यामुळे जुन्या प्रबंधातील आकडा नव्या आवृत्तीत जसाच्या तसा मिळाला नाही म्हणून घाबरून जाऊ नये.

पाणी बदलून डायमिथिल सल्फॉक्साइड घातले तरी उत्तर जवळपास तेच येते. प्रोग्राम बिघडला आहे का?

प्रोग्राम बिघडलेला नाही. अखंड माध्यमाची मर्यादा इथे उघडी पडते, म्हणून हा प्रश्न विस्ताराने घेण्याजोगा आहे.

बॉर्नच्या सूत्रात डायइलेक्ट्रिक स्थिरांक थेट येत नाही. तो ‘एक वजा त्या स्थिरांकाचा व्यस्त’ अशा रूपात येतो. पाण्याचा स्थिरांक सुमारे ७८.४, डायमिथिल सल्फॉक्साइडचा ४६.८ आणि इथेनॉलचा २४.९. हे आकडे एकमेकांपासून खूप दूर वाटतात, पण सूत्रात घातल्यावर अनुक्रमे ०.९८७, ०.९७९ आणि ०.९६० उरतात. २ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा एकप्रभारी आयन घेतला, तर त्याची द्रावण-ऊर्जा पाण्यात उणे ८१.९, डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये उणे ८१.२ आणि इथेनॉलमध्ये उणे ७९.७ किलोकॅलरी प्रतिमोल येते. क्लोरोफॉर्मपर्यंत खाली उतरलो, जिथे स्थिरांक ४.७ आहे, तर ती उणे ६५ च्या आसपास येते आणि हेक्झेनमध्ये उणे ३९ पर्यंत घसरते. म्हणजे स्थिरांक वीसच्या पुढे गेला की अखंड माध्यमाला सर्व ध्रुवीय द्रावक जवळपास सारखेच दिसतात.

प्रत्यक्ष रसायन वेगळे सांगते. क्लोराइड आयन पाण्यातून डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये नेण्यासाठी सुमारे ४० किलोज्यूल, म्हणजे साडेनऊ किलोकॅलरी प्रतिमोल इतकी मुक्त ऊर्जा खर्ची पडते, कारण पाणी त्या आयनाला हायड्रोजन बंध देते आणि डायमिथिल सल्फॉक्साइड देऊ शकत नाही. न्यूक्लिओफिलिक प्रतिस्थापनाच्या (ऋण आयन येऊन दुसऱ्या गटाची जागा घेतो अशा) अनेक अभिक्रिया अशा द्रावकात झपाट्याने होतात त्याचे कारणही हेच. एसएमडीमध्ये द्रावकाची हायड्रोजन बंध देण्याची क्षमता ही स्वतंत्र राशी असल्याने या फरकाचा काही भाग दिसतो, पण सगळा नाही. अभ्यासाचा मुद्दाच ‘द्रावक बदलल्यावर वेग का बदलतो’ हा असेल आणि दोन्ही द्रावक ध्रुवीय असतील, तर केवळ अखंड माध्यमावर विसंबून निष्कर्ष काढणे आमच्या मते योग्य नाही.

परवाना विकत घेण्याची ऐपत नसलेल्या महाविद्यालयाने कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

ऑर्का हे शैक्षणिक वापरासाठी नोंदणी करून विनामूल्य मिळते आणि त्यात सीपीसीएम व एसएमडी दोन्ही आहेत. एनडब्ल्यूकेम आणि साय-फोर ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. रचना काढण्यासाठी अ‍ॅव्होगॅड्रो पुरेसे आहे. बॉन विद्यापीठातील श्टेफान ग्रिमे यांच्या गटाने तयार केलेले एक्सटीबी मोठ्या रेणूंची ढोबळ गणिते अत्यंत वेगाने करते आणि त्याच गटाचे क्रेस्ट कॉन्फॉर्मर, म्हणजे बंध न तोडता रेणू घेऊ शकतो ते निरनिराळे आकार, शोधण्यासाठी वापरता येते. ही दोन्हीही विनामूल्य आहेत. चोरीच्या परवान्यावर चालवलेल्या सॉफ्टवेअरचे नाव प्रबंधात छापण्यात काय जोखीम आहे, ते वेगळे सांगायला नको.

रचना निर्वातात ऑप्टिमाइझ करून मग एकदाच द्रावकातील ऊर्जा काढली तर चालते का?

ताठ आणि प्रभाररहित रेणूसाठी चालते. आयन, द्विप्रभारी रेणू, प्रभारांची फारकत होत असलेली संक्रमण अवस्था आणि अंतर्गत हायड्रोजन बंधांनी बांधलेले लवचीक रेणू यांच्यासाठी रचना द्रावकातच काढावी. ऋण आयन असेल तर बेसिस सेटमध्ये (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या गणिती फलनांच्या संचात) विरल, म्हणजे दूरवर पसरलेली, फलने असलीच पाहिजेत. ती नसतील तर सैल धरलेल्या इलेक्ट्रॉनांना पसरायला जागा मिळत नाही आणि सर्वोत्तम द्रावक-प्रतिमानही ती चूक भरून काढू शकत नाही.

पाण्याचे प्रत्यक्ष रेणू कधी घालावेत, किती घालावेत आणि कुठे ठेवावेत?

ज्या ठिकाणी पाणी केवळ पार्श्वभूमी नसून अभिक्रियेतील भागीदार असते, त्या ठिकाणी घालावेत. प्रोटॉन एका अणूवरून दुसऱ्या अणूवर पाण्याच्या साखळीतून जात असेल, धातूच्या आयनाला पाणी थेट बांधलेले असेल, किंवा छोट्या अणूवर प्रभार एकवटलेला असेल, तर अखंड माध्यम अपुरे पडते. कार्बोक्सिलेट किंवा फिनोलेट आयनासाठी बहुधा दोन-तीन रेणूंपासून सुरुवात करून, एकेक वाढवत, हवी ती राशी स्थिरावते का हे पाहिले जाते. एकूण समूह पुन्हा अखंड माध्यमात ठेवायचा असतो, हे विसरू नये.

जागा कशी ठरवायची, हा खरा कठीण भाग. रेणूच्या विद्युतस्थितिक विभवाचा नकाशा काढावा. त्यातील सर्वांत ऋण बिंदूंकडे पाण्याचा हायड्रोजन वळतो आणि सर्वांत धन भागाकडे ऑक्सिजन. या विभवाच्या रचनेचा सखोल अभ्यास पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केला आहे. प्रचंड रेणूंचे तुकडे करून गणित करण्याची ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ ही पद्धतही त्यांचीच. या विषयासाठी परदेशातील नावांच्या पलीकडे पाहायचे झाले, तर कोल्हापूरहून पुण्याइतकेच अंतर कापावे लागते. हाताने पाणी ठेवायचे नसेल तर क्रेस्टमध्ये आणि ऑर्काच्या सहाव्या आवृत्तीत हे काम आपोआप करण्याची सोय आहे.

पाणी घातले की ऊर्जेचा हिशेबही बदलतो. द्रव पाण्याची तीव्रता सुमारे ५५.३ मोल प्रतिलिटर असते, म्हणून प्रमाण अवस्था (मुक्त ऊर्जा ज्या तीव्रतेला किंवा दाबाला धरून मोजतात ती) १ मोलरवरून तिथे नेताना २९८ केल्व्हिनला २.३८ किलोकॅलरी प्रतिमोल इतकी दुरुस्ती करावी लागते. चार सुटे पाण्याचे रेणू धरून गणित केले तर ही दुरुस्ती चारदा येते आणि एन्ट्रॉपीतील चूकही चौपट होते. त्यापेक्षा चार पाण्यांचा एकच समूह ‘अभिक्रियाकारक’ म्हणून घ्यावा. दोन्ही बाजूंना समूह आला की चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात.

पीएच कुठे टाकायचा? आम्हाला पंचगंगेच्या पाण्याचे प्रतिमान हवे आहे.

पीएचसाठी इनपुट फाइलमध्ये जागा नसते. पीएच म्हणजे आपण रेणू कोणत्या प्रोटॉनित रूपात घेतो, तो निर्णय. हिरड्यातील गॅलिक आम्लाचा पहिला पीकेए (आम्ल प्रोटॉन किती सहज सोडते ते सांगणारा आकडा) ४.४ च्या आसपास आहे, म्हणून उदासीन पाण्यात त्याचे कार्बोक्सिलेट रूप घ्यावे लागते. पूर्ण आम्लाचे गणित करून ‘हा नदीच्या पाण्यातील रेणू’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. पाण्यातील क्षार, कठीणपणा, गाळ आणि इतर सेंद्रिय द्रव्ये यांतले काहीही साध्या अखंड माध्यमात येत नाही. प्रोग्राममधील ‘पाणी’ हे शुद्ध पाणी असते. नदीच्या पाण्याविषयी विधान करायचे असेल तर आधी कोणता आयन महत्त्वाचा आहे ते प्रयोगाने ठरवावे आणि मग तो आयन रेणूजवळ प्रत्यक्ष ठेवून गणित करावे.

पीकेए काढताना उत्तर चार-पाच एककांनी चुकते. असे का होते?

कोल्हापुरी चपलेच्या चामड्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरला जातो, त्यामुळे टॅनिनवर्गातील फिनॉलिक आम्लांवर इथे काम करणारे पुष्कळ आहेत आणि हा प्रश्न त्यांच्याकडूनच अधिक येतो.

२९८ केल्व्हिनला पीकेएचे एक एकक म्हणजे मुक्त ऊर्जेतील १.३६ किलोकॅलरी प्रतिमोल. एसएमडीमध्ये आयनाची सरासरी चूक ४ किलोकॅलरी आहे, म्हणजे केवळ आयनामुळेच उत्तर तीन एककांनी सरकू शकते. त्यावर प्रोटॉनच्या द्रावण-ऊर्जेचा प्रश्न असतो. प्रोटॉनला इलेक्ट्रॉन नसल्याने त्याचे गणित करता येत नाही आणि पाण्यासाठी उणे २६५.९ किलोकॅलरी प्रतिमोल ही ठरलेली किंमत घ्यावी लागते. तिसरी गोष्ट प्रमाण अवस्थेची. वायुरूपातील मुक्त ऊर्जा प्रोग्राम १ वातावरण दाबाला देतो, तर द्रावणाचा हिशेब १ मोलर तीव्रतेला असतो. या दोहोंमधील फरक १.८९ किलोकॅलरी प्रतिमोल आहे, आणि तो विसरला की पीकेए जवळपास दीड एककाने हलतो. प्रबंध तपासताना ही राहून गेलेली दुरुस्ती वारंवार दिसते.

यावर उपाय म्हणजे थेट पीकेए न काढता तुलना करणे. गॅलिक आम्ल आपला प्रोटॉन बेन्झोएट आयनाला देते आणि गॅलेट व बेन्झॉइक आम्ल तयार होते, अशी अभिक्रिया मांडावी. प्रोटॉन समीकरणातून निघून जातो, दोन्ही बाजूंना एकेक कार्बोक्सिलेट आल्यामुळे आयनाची चूक बरीचशी कटते आणि प्रमाण अवस्थेची दुरुस्तीही दोन्हीकडे सारखीच पडते. बेन्झॉइक आम्लाचा मोजलेला पीकेए ४.२० आहे. अभिक्रियेच्या मुक्त ऊर्जेला १.३६ ने भागून जे येईल ते त्यात मिळवावे. संदर्भ-आम्ल आपल्या रेणूच्या जितके जवळचे, तितके उत्तर विश्वासार्ह. कार्बोक्सिलिक आम्लासाठी फिनॉलचा संदर्भ घेणे म्हणजे हा फायदा सोडून देणे होय. आपल्या रेणूच्या शेजारी अंतर्गत हायड्रोजन बंध असेल, जसा सॅलिसिलिक आम्लात असतो, तर संदर्भातही तसाच बंध असलेला बरा.

गुळातील साखरांवर काम करायचे आहे. ग्लुकोजच्या दोन रूपांचे प्रमाण गणिताने सांगता येईल का?

प्रयत्न करता येईल, पण अपेक्षा बेताची ठेवावी. गुळात मुख्यतः सुक्रोज असते आणि त्याच्या जोडीला काही ग्लुकोज व फ्रुक्टोज. ग्लुकोज पाण्यात विरघळल्यावर अल्फा रूप सुमारे ३६ टक्के आणि बीटा रूप सुमारे ६४ टक्के राहते. हे प्रमाण ऊर्जेत बदलले तर फरक केवळ ०.३४ किलोकॅलरी प्रतिमोल भरतो. ज्या प्रतिमानाची सरासरी चूकच ०.६ च्या वर आहे, त्याने ०.३४ चा फरक अचूक सांगितला तर तो बराचसा योगायोग समजावा. दोन्ही रूपे एकाच रेणूची असल्याने काही चुका कटतात हे खरे, पण खात्रीने विधान करण्याइतक्या नाहीत.

त्याहून मोठी अडचण कॉन्फॉर्मरांची. निर्वातात साखरेचे हायड्रॉक्सिल गट एकमेकांना धरून गोल साखळी करतात आणि ती रचना सर्वांत स्थिर दिसते. पाण्यात हेच गट पाण्याकडे वळतात. निर्वातातील सर्वांत खालची एकच रचना घेऊन तिला पाण्यात घातले तर ज्या रचनेत ग्लुकोज पाण्यात फारसे राहतच नाही, तिचेच गणित आपण करत असतो. क्रेस्टने द्रावक धरून शोध घ्यावा, त्यातील खालच्या काही रचना डीएफटीने (इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारलेल्या क्वांटम पद्धतीने) पुन्हा ऑप्टिमाइझ कराव्यात आणि सरासरी काढावी.

रंगद्रव्याचा वर्णपट पाण्यात काढला, तर शोषणाचे शिखर प्रयोगापेक्षा ४० नॅनोमीटरने सरकलेले आहे. हे चालण्यासारखे आहे का?

काळावलंबी डीएफटीसाठी ०.२ ते ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टची चूक नेहमीची आहे, आणि ५०० नॅनोमीटरच्या आसपास ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ४० नॅनोमीटर. म्हणून एकाच रंगाच्या एका शिखराचा आकडा जुळला किंवा चुकला, यावरून काही सिद्ध होत नाही. प्रतिगट बदलल्यावर किंवा द्रावक बदलल्यावर शिखर कोणत्या दिशेला आणि साधारण किती सरकते, याची तुलना अधिक बोलकी असते.

द्रावकाने रंग किती बदलू शकतो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे रायशार्ट यांचा बीटेन रंग: त्याचे शिखर डायफिनिल ईथरमध्ये ८१० नॅनोमीटरला असते आणि पाण्यात ४५३ नॅनोमीटरला. मूळ अवस्थेत या रेणूत प्रभारांची फारकत अधिक असते, पाणी ती अवस्था धरून ठेवते आणि उत्तेजित अवस्थेशी अंतर वाढते. हा रंग अखंड माध्यमाने चाचपून पाहिला तर सरकण्याची दिशा बरोबर मिळते, पण पाण्याशी होणारे हायड्रोजन बंध घातल्याशिवाय पूर्ण परिमाण मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

प्रकाश शोषला जातो तो क्षण इतका छोटा असतो की द्रावकाचे रेणू वळायला वेळच मिळत नाही. फक्त त्यांचे इलेक्ट्रॉन जुळवून घेतात. म्हणून शोषणासाठी द्रावकाच्या अपवर्तनांकाचा वर्ग वापरणारे असंतुलित गणित करावे लागते. पाण्यासाठी तो वर्ग सुमारे १.७८ आहे, ७८ नव्हे. प्रदीप्ती, म्हणजे उत्सर्जन, काढताना आधी उत्तेजित अवस्थेची रचना काढायची असते आणि तिथे द्रावकाला वळायला वेळ मिळालेला असतो. बहुतेक प्रोग्राम शोषणाच्या वेळी असंतुलित गणित आपोआप करतात, तरी कोणते गणित झाले ते आउटपुटमध्ये वाचावे.

इचलकरंजीच्या प्रक्रियागृहांत वापरल्या जाणाऱ्या सल्फोनेटयुक्त अ‍ॅझो रंगांबाबत दोन गोष्टी अधिक. हायड्रॉक्सिनॅफ्थॅलिनवर आधारलेले अनेक अ‍ॅझो रंग पाण्यात हायड्रॅझोन रूपात (हायड्रोजन ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर गेलेल्या रूपात) राहतात. पुस्तकात छापलेली अ‍ॅझो रचना तशीच उचलून गणित केले तर रेणूच वेगळा घेतला जातो, आणि मग फंक्शनल (डीएफटीतील ऊर्जेचे सूत्र) बदलत बसून काही साधत नाही. दुसरी गोष्ट, हे रंग तीव्र द्रावणात एकमेकांवर रचले जातात आणि रंगाईच्या भांड्यात मीठही भरपूर असते. त्यामुळे गणिताची तुलना करायची तर अत्यंत विरल, मीठ न घातलेल्या द्रावणाच्या वर्णपटाशी करावी. कुंडातून काढलेल्या नमुन्याशी नको.

रेणूगतिकीचे, म्हणजे रेणूंच्या काळानुसार होणाऱ्या हालचालींचे, सिम्युलेशन केव्हा करावे?

रेणू लवचीक असेल, त्याचे आकार काळाबरोबर बदलत असतील, किंवा द्रावकाची रेणूभोवतीची मांडणीच जाणून घ्यायची असेल तेव्हा. बंध तुटणे-जुळणे साध्या बलक्षेत्राने (अणूंमधील बलांच्या ठरावीक सूत्रांनी) दिसत नाही. त्यासाठी अभिक्रियेचा भाग क्वांटम पद्धतीने आणि उरलेला बलक्षेत्राने धरणारी मिश्र पद्धत लागते. वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी ती १९७६ साली मांडली आणि कारप्लस यांच्यासह त्यांना २०१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. पाण्याची घनता अशी की एका घन नॅनोमीटरमध्ये सुमारे ३३ रेणू मावतात, म्हणून ४ नॅनोमीटर बाजूच्या पेटीत दोन हजारांहून अधिक पाण्याचे रेणू येतात. पाण्याचे प्रतिमान मात्र नीट निवडावे. टिप-थ्री-पी हे सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिमान द्रव पाण्यापेक्षा दुपटीहून अधिक वेगाने पसरते, त्यामुळे त्यातून काढलेला विसरणाचा वेग जसाच्या तसा छापू नये. अणूंवरील प्रभारही द्रावणाला साजेसे हवेत. पाण्याच्या सुट्या रेणूचा द्विध्रुव १.८५ डीबाय असताना या प्रतिमानात तो २.३५ ठेवलेला असतो, तो याच कारणाने.

द्रावण-मुक्तऊर्जा धन आली. काही चुकले का?

रेणू मिथेनसारखा असेल तर नाही. मिथेनची पाण्यातील द्रावण-मुक्तऊर्जा सुमारे अधिक २ किलोकॅलरी प्रतिमोल आहे, कारण पाण्यात पोकळी करण्याचा खर्च आकर्षणातून मिळणाऱ्या लाभापेक्षा जास्त ठरतो. आयनासाठी धन आली तर मात्र इनपुटमधील प्रभार तपासावा.

अर्धे पाणी आणि अर्धे इथेनॉल असेल तर?

मधला डायइलेक्ट्रिक स्थिरांक घालता येतो आणि रचनेसाठी तेवढे पुरते. पण रेणूच्या ध्रुवीय भागाभोवती पाणी आणि तेलकट भागाभोवती इथेनॉल गोळा होते, हे त्यातून दिसत नाही. मुक्त ऊर्जा हवी असेल तर सिम्युलेशन किंवा कॉस्मो-आरएस पद्धतीकडे वळावे.

द्रावक घातल्यावर एक छोटी काल्पनिक वारंवारता येते. ती दुर्लक्षित करावी का?

काल्पनिक वारंवारता म्हणजे रचना ऊर्जेच्या खळग्याच्या तळाशी नसल्याची खूण, म्हणून आधी ती घालवण्याचा प्रयत्न करावा. पोकळीचा पृष्ठभाग तुकड्यांत विभागलेला असल्याने ऊर्जेत किंचित खडबडीतपणा येतो आणि मिथिल गटाच्या फिरण्यासारख्या मोकळ्या हालचालींत तो उमटतो. ऑप्टिमायझेशनचे निकष कडक करावेत, जाळी बारीक करावी, रचना त्या वारंवारतेच्या दिशेने किंचित हलवून पुन्हा गणित लावावे. १०० प्रतिसेंटिमीटरच्या खालील खऱ्या वारंवारताही एन्ट्रॉपी फुगवतात. त्यांच्यासाठी ग्रिमे यांनी २०१२ साली सुचवलेली दुरुस्ती वापरावी.

आमच्या विभागातील साध्या संगणकावर हे होईल का? मध्येच वीज गेली तर?

तीस-चाळीस अणूंचा रेणू आठ कोअर आणि ३२ जीबी रॅम असलेल्या संगणकावर व्यवस्थित होतो. अणू दुप्पट झाले की डीएफटीचा वेळ ढोबळमानाने आठपटीहून अधिक वाढू शकतो, हे लक्षात घेऊन रेणूचा अनावश्यक भाग, उदाहरणार्थ लांब अल्किल साखळी, कापून मिथिलवर आणावा. अखंड माध्यमाने वेळ थोडाच वाढतो. वेळ खातात ते प्रत्यक्ष पाण्याचे रेणू आणि वारंवारतेचे गणित.

पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरूनच काम आखावे. यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरता असतो, रात्रभर गणित चालवण्यासाठी नव्हे. चेकपॉइंट फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवावी, ऑप्टिमायझेशन आणि वारंवारता ही दोन कामे एका फाइलमध्ये न जोडता वेगवेगळी लावावीत, म्हणजे दुसरे अडकले तरी पहिले हाती राहते. काम याहून मोठे असेल तर २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेखाली उभारलेल्या यंत्रणांवर वेळ मागण्याचा मार्ग मार्गदर्शकांमार्फत पाहावा. पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म ही त्यांपैकी एक.

प्रबंधात काय लिहावे?

सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, फंक्शनल, बेसिस सेट, विक्षेपण दुरुस्ती, द्रावकाचे प्रतिमान आणि द्रावक, रचना कोणत्या अवस्थेत काढली, तापमान, प्रमाण अवस्था आणि ती १ मोलरला नेली की नाही, कॉन्फॉर्मर कसे शोधले, प्रत्यक्ष पाण्याचे रेणू किती, आणि रेणूचा प्रभार कोणता. ऊर्जा हार्ट्रीमध्ये सहा दशांश स्थळांपर्यंत द्यावी, कारण १ हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी, आणि आकडे तिसऱ्या स्थळापर्यंतच ठेवले तर अर्ध्या किलोकॅलरीहून जास्त फरक कागदावरच हरवू शकतो. सापेक्ष ऊर्जा मात्र किलोकॅलरीच्या एकाच दशांश स्थळापर्यंत द्यावी, ०.३४७२ असे छापले म्हणजे चार अंकांची अचूकता आपल्या हाती आहे असा दावा होतो. सर्व अंतिम रचनांतील अणूंचे निर्देशक (स्थान सांगणारे आकडे) परिशिष्टात जोडावेत, जेणेकरून ज्याला शंका असेल त्याला तीच फाइल त्याच रात्री पुन्हा लावून पाहता येईल.